ट्रकवरची थंडी: केबिनबाहेरच्या अर्ध्या तासाची तयारी

मराठवाड्यातली थंडी फसवी असते. डिसेंबर-जानेवारीत दुपारी पारा २८-३० अंशांवर असतो आणि ड्रायव्हर शर्टाची वरची दोन बटणं सोडून गाडी हाकत असतो. त्याच शर्टावर पहाटे पाचला मोंढ्यात (धान्याच्या बाजारात) रस्सी सोडायला उतरलं की दातावर दात आपटायला लागतात. पहाटेचा पारा तेव्हा ८-१० अंशांवर उतरलेला असतो. परभणीकडे थंडीची लाट आली, तर काही वर्षी तो ५ अंशांच्याही खाली जातो. दिवस ऊबदार असल्यामुळे गरम कपड्यांवर पैसे घालायला जीव होत नाही. ‘दोन तासांची तर थंडी, निघून जाईल’ असा सगळ्यांचा हिशेब. पण माल उतरवणं, ताडपत्री सोडणं, वजनकाट्यावर उभं राहणं ही बाहेरची कामं नेमकी त्याच दोन तासांत येतात.

गाडी चालवताना माणूस सहसा गारठत नाही. इंजिनची धग असते, काचा बंद असतात. गारठा लागतो तो खाली उतरल्यावरच्या अर्ध्या-पाऊण तासात, आणि त्यातही काम संपल्यावर. काम करताना घाम येतो, हात थांबले की तोच घाम अंगावर गार होतो. म्हणून या लेखातली निम्मी माहिती ऊब मिळवण्याची असली, तरी निम्मी अंग कोरडं ठेवण्याची आहे. दुसरी निम्मी जास्त महत्त्वाची.

गारठा शिरतो कुठून

वारा, ओल, लोखंड-जमिनीचा स्पर्श आणि नुसतं बसून राहणं, या चार वाटा.

वाऱ्याचा हिशेब आधी. हवा ८ अंश असेल आणि ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या कातडीला ती ४ अंशांसारखी लागते. ताशी ६० च्या वेगात काच खाली करून उजवं कोपर बाहेर ठेवलं, तर त्या कोपराला जेमतेम २ अंश. थंडीच्या दिवसांत उजवा खांदा धरतो त्यामागे बऱ्याचदा हीच सवय असते. भरलेल्या मालावर वर बसून येणाऱ्या क्लीनरला अख्ख्या अंगानं हाच वारा लागतो. तसंही मालावर माणूस बसवू नये; थंडीत तर अजिबात नाही.

ओलीचं गणित याहून वाईट. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगानं उष्णता वाहून नेतं. ओली बनियन अंगाला चिकटली, की वर कितीही जाड स्वेटर घाला, आतून अंग गार पडत राहतं.

कपडे: तीन थर, आणि आतला कापसाचा नको

कापसाच्या मुलखात कापसाला नावं ठेवणं जिवावर येतं, पण थंडीत अंगमेहनतीच्या कामाला सुती बनियन चालत नाही. ती घाम पिते आणि धरून ठेवते. त्याऐवजी खेळाडू घालतात तसा पॉलिस्टरचा अंगाला बसणारा टी-शर्ट किंवा थर्मल घ्या. असे तीन जवळ ठेवा: एक अंगात, एक बदलायला, एक वाळत.

मधला थर ऊब धरणारा. लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीसचं जॅकेट. एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ बरे, कारण दोन्हींच्या मधे हवा अडकते आणि गरजेप्रमाणे एक काढता येतो. त्यातला एक बिनबाह्यांचा घ्या. स्टेअरिंग फिरवताना काखेत गच्च होत नाही.

वरचा थर वारा अडवणारा. साधं जर्किन पुरतं. तेही नसेल, तर पावसाळ्यातला रेनकोटचा वरचा भाग स्वेटरवर चढवा. मात्र तो घातला असताना ओझं उचलू नका, कारण त्यातून आतला घाम बाहेर पडत नाही. जर्किन एक नंबर मोठं असावं. अंगाला गच्च बसलं, तर आतली हवा दाबली जाते आणि जाडीचा काही उपयोग राहत नाही. मनगट, गळा आणि कंबर या तीन ठिकाणी ते बंद होतंय ना, हे दुकानातच खाली वाकून बघा. चाकाशी वाकल्यावर कंबर उघडी पडणारं जर्किन कितीही भारी असो, परत करा.

कानटोपी हवीच. पण माकडटोपी घालून गाडी मागे घेताना बाजूचं दिसत नाही आणि क्लीनरची हाकही नीट ऐकू येत नाही; तेव्हा ती कपाळापर्यंत गुंडाळून वर करा. मफलरची दोन्ही टोकं स्वेटरच्या आत खोचलेली असावीत. चालू इंजिनवर वाकलेलं असताना लोंबतं टोक फॅनबेल्टमध्ये गेलं, तर गळ्याला फास बसायला एक क्षण पुरतो. इंजिनजवळ काम असेल, तेव्हा मफलर केबिनमध्ये काढून ठेवलेला सगळ्यांत चांगला.

आणि या सगळ्यावर चकाकणारं जाकीट. काळ्या-तपकिरी जर्किनातला माणूस पहाटेच्या धुक्यात मागून येणाऱ्या गाडीला दिसत नाही.

उतरताना, काम करताना, काम झाल्यावर

कपडे असून गारठणाऱ्यांची चूक बहुधा क्रमात असते. जर्किन खाली उतरून, थंडी वाजायला लागल्यावर घातलं जातं. ते केबिनमध्येच, दार उघडण्याआधी घाला. आतली ऊब तशीच सोबत खाली येते. ब्लोअर किंवा हीटर चालू असेल, तर थांबायच्या दहा मिनिटं आधी कमी करा, म्हणजे घामेजलेल्या अंगानं उतरावं लागत नाही.

जड काम असेल, म्हणजे ताडपत्री ओढणं, रस्सी आवळणं, स्टेपनी बदलणं, तर सुरू करण्याआधी एक स्वेटर काढून ठेवा आणि जर्किनची चेन अर्धी खाली घ्या. पहिली पाच मिनिटं किंचित गार वाटलं पाहिजे. सुरुवातीलाच उबदार वाटत असेल, तर पंधरा मिनिटांत तुम्ही घामानं भिजणार हे नक्की.

काम झालं की चहाच्या टपरीकडे नाही, आधी केबिनमध्ये. आतला टी-शर्ट बदला, पंच्यानं पाठ आणि काखा कोरड्या पुसा, काढलेला स्वेटर घाला, मग चहा. याला तीन मिनिटं लागतात. ओला टी-शर्ट सीटच्या पाठीला टाकला, तर दुपारपर्यंत वाळतो. सायलेन्सरवर टाकू नका. पॉलिस्टर वितळतं आणि पेटतंही.

पहाटेची ताडपत्री

पहाटे ताडपत्रीवर दव असतं. हे दव लहान दिसतं, पण ताडपत्रीच्या खोलगट जागी पेलाभर पाणी सहज साचलेलं असतं, आणि पहिली घडी मारताच ते बाहीतून कोपरापर्यंत उतरतं. म्हणून रस्सी सोडल्यावर लगेच ताडपत्री ओढू नका. खाली उभं राहून बांबूनं किंवा रस्सीच्या टोकानं तिला मधून दोन-तीन वेळा झटका द्या, पाणी पलीकडच्या बाजूला ओघळू द्या. बाह्यांची टोकं हातमोज्यांच्या आत घ्या. मोज्यावर बाही ठेवली, की दव थेट आत जातं.

ओल्या रस्सीची गाठ थंडीत आवळून दगड होते. बोटं बधिर असताना ती नखांनी सोडवायचा प्रयत्न करू नका. नख उलटतं आणि दुखतंही खूप उशिरा. टॉमीचं (चाकाच्या पान्याच्या लोखंडी दांड्याचं) टोक गाठीत घालून ती सैल करा. मुळात रात्री बांधतानाच शेवटची गाठ सरकफाशाची मारली, तर टोक ओढताच सुटते.

मालावर चढायचंच असेल, तर ओल्या ताडपत्रीवर बुटानं उभं राहू नका, गुडघ्यांवर सरका. फाळक्याच्या (ट्रकच्या उघडणाऱ्या फळीच्या) लोखंडी पट्टीवरही दव असतं, तिथूनही पाय निसटतो. सरकीची किंवा सोयाबीनची पोती असतील, तर वर पाय खचतो. कापसाच्या गठाणी (दाबून बांधलेले गठ्ठे) असतील, तर दोन गठाणींच्या फटीत पाय जातो. अंग गारठलेलं असताना तोल सावरायला उशीर होतो हे लक्षात ठेवून शक्य असेल तिथे उजाडेपर्यंत थांबा. हमालही उजाडल्याशिवाय हात लावत नाहीत. घाई बहुतेक वेळा फोनवरच्या माणसाला असते.

हात आणि पाय

हातमोजे दोन जोड हवेत. रस्सीला, कागदांना, पान्याला विणलेले आणि तळव्याला रबर लावलेले. जालन्याच्या सळईला, साखळीला कातड्याचे. पहाटेची सळई उघड्या हातानं धरली, तर लोखंड तळव्याची ऊब इतक्या वेगानं ओढतं, की चार-पाच सळया सरकवल्यावर बोटांची पकड जाते. रबरी मोजे विकत घेताना ते घालून खिशातलं रुपयाचं नाणं उचलून बघा आणि एक कागद घडी करून बघा. जमलं नाही, तर बिल्टी (मालाची पावती) द्यायला दर वेळी मोजे काढाल, आणि तिसऱ्यांदा ते गेटवरच विसराल. लोकरीचे सैल मोजे घालून जॅक किंवा बेल्ट हाताळू नका.

हाताला डिझेल लागलं, तर साबणानं धुऊन कोरडं करा. डिझेलनं कातडीचं तेल निघून जातं आणि दोन दिवसांत बोटांच्या पेरांवर भेगा पडतात. खोबरेल डबीत गोठलेलं असतं म्हणून कोणी लावत नाही. पेट्रोलियम जेली किंवा आमसुलाचं तेल रात्री झोपताना चोळा.

पायांकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं, कारण बरेच जण चपलेवर गाडी चालवतात. चालवायला हलके बूट आणि खाली कामाला वेगळे बूट ठेवा. जाड तळव्याच्या बुटात क्लचचा अंदाज येत नाही. कामाचे बूट अर्धा नंबर मोठे घ्या. आत एक पातळ पॉलिस्टरचा पायमोजा आणि त्यावर लोकरीचा. दोन मोज्यांवर बूट आवळत असेल, तर लोकरीचा काढून टाका; रक्त फिरलं नाही, तर मोजे असून पाय बधिर होतात. जुन्या घोंगडीचा तळव्याच्या मापाचा तुकडा कापून बुटात घातला, तर जमिनीचा गारवा बराच अडतो. रात्री बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवले, की सकाळी आत ओल राहत नाही.

स्टेपनी बदलताना गुडघे थेट डांबरावर टेकू नका. दुपदरी बारदाना आणि त्यावर फोमचा तुकडा, एवढं पुरतं. उताणं होऊन खाली शिरायचं असेल, तर पाठीखालीही तेच. गार जमीन पाठीतली ऊब हवेपेक्षा फार लवकर ओढते.

केबिनच्या फटी: उदबत्तीनं शोधा

जुन्या गाडीच्या केबिनमध्ये वारा कुठून येतो हे डोळ्यांना दिसत नाही, पण डॅशबोर्डवरच्या देवापुढची उदबत्ती ते दाखवते. वाहत्या वाऱ्यात गाडी तोंडासमोर वारा येईल अशी उभी करा, इंजिन आणि ब्लोअर बंद, काचा वर. पेटलेली उदबत्ती गिअरच्या दांड्याच्या बुडाशी, क्लच-ब्रेकच्या पेडलांच्या भोकांशी, दाराच्या खालच्या कोपऱ्यांशी आणि काच सरकते त्या खाचेशी हळूहळू फिरवा. धूर सरळ वर जात असेल, तर जागा बंद आहे. आडवा पडला, की तिथे फट आहे. खडूनं खूण करा. गादीजवळ आणि कागदांजवळ मात्र जपून.

सगळ्यांत मोठी फट बहुधा गिअरच्या दांड्याखालचा फाटलेला रबरी बूट (दांड्याभोवतीचं रबरी झाकण) असते. तो नवा बसवा. हे काम वायसरनं (वॉशरनं) पट्टी दाबून तासाभरात होतं. ही फट फक्त थंडीची नसते, इंजिनचा धूरही इथूनच वर येतो. दाराचं रबर चपटं झालं असेल, तर बदला. पेडलांच्या भोकांवर जुन्या ट्यूबचा तुकडा मधे चीर देऊन लावता येतो, पण पेडल शेवटपर्यंत दाबून आणि सोडून, दहा वेळा तपासा. अडकणारं रबर लगेच काढून टाका. तिथे कधीही चिंधी कोंबू नका.

सगळं बंद केल्यावर श्वासानं काचेवर वाफ धरते. डावीकडची काच बोटभर खाली ठेवा. उबदार बंद केबिनमध्ये पहाटे तीन ते पाचला डोळा लागतो. तेव्हा केबिन थोडी गार असलेलीच बरी.

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार झालेल्या मध्यम आणि जड ट्रकना एसी केबिन सक्तीची आहे. तुमची गाडी तशी असेल, तर वरच्या अर्ध्या भानगडी कमी होतात. रस्त्यावर मात्र जुन्याच गाड्या जास्त आहेत.

कारखान्याच्या यार्डात रात्र

ऊस घेऊन नंबर लावला, की गव्हाणीपर्यंत (कारखान्यात ऊस टाकतात त्या जागेपर्यंत) पोचायला कधी चार तास, कधी अख्खी रात्र. इथे काम नसतं, नुसतं थांबणं असतं, आणि हा सगळ्यांत लांबलेला गारठा.

झोपताना अंगावर काय घेता यापेक्षा अंगाखाली काय आहे हे पाहा. पातळ गादीखाली केबिनचा पत्रा असतो, आणि पाठीच्या भारानं गादी दबून तिची ऊब जाते. बारदान्याचे दोन पदर, त्यावर फोम, त्यावर घोंगडी, असं अंथरा आणि वरून वाकळ किंवा रग घ्या. एकच घोंगडी असेल, तर ती खाली टाका. झोपण्याआधी आतला टी-शर्ट आणि पायमोजे बदला, म्हणजे दिवसभराचा ओलावा पांघरुणात जात नाही.

केबिनमध्ये कोळशाची शेगडी, पाटीतले निखारे किंवा पेटता स्टोव्ह ठेवून झोपू नका. कोळसा जळताना निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नाही, रंग नाही, खोकलाही येत नाही. तो रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो, डोकं जड होतं, मळमळतं, आणि झोपलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. ‘धूर गेला, आता नुसते लाल निखारे आहेत’ म्हणून ते आत आणणं सगळ्यांत धोक्याचं. काच बोटभर उघडी ठेवली, तरी शेगडीला ती पुरत नाही. ऊब मिळवण्यासाठी इंजिन चालू ठेवून झोपणंही तसंच. यार्डात तर पुढच्या गाडीचा सायलेन्सर तुमच्या बोनेटसमोर असतो. उठल्यावर डोकं ठणकत असेल आणि शेजारचाही तेच म्हणत असेल, तर दारं उघडून दोघंही बाहेर मोकळ्या हवेत या.

शेकोटी बाहेर, आणि तीही उसाच्या गाड्यांपासून लांब. पाचट वाऱ्यानं उडतं आणि एका ठिणगीनं पेटतं. मोळ्या, रस्सी, ताडपत्री सगळी जळण्याच्याच जातीची. वाऱ्याच्या दिशेला खाली कोणाची गाडी उभी नाही ना, ते बघा. पेटवायला डिझेल ओतू नका, टायरचे तुकडे टाकू नका, धूर छातीत बसतो. सुकी लाकडं आणि थोडी चिपाडं बास. पाठ गाडीकडे, तोंड आगीकडे असं सगळे बसतात आणि पाठीत गारठा भरतो. दर पाच-दहा मिनिटांनी पाठ आगीकडे करा. पॉलिस्टरचं जर्किन घालून आगीला चिकटू नका. उठण्याआधी पाणी किंवा माती टाका.

खाणं, चहा, आणि ‘थोडीशी’

पोटात अन्न असेल, तर अंग जास्त ऊब तयार करतं. रात्री निघताना बाजरीची भाकरी, पिठलं किंवा तेल घातलेला ठेचा, आणि खिशात मूठभर शेंगदाणे व गुळाचा खडा. पहाटे उतरायच्या अर्धा तास आधी ते खा. थंडीत तहान लागत नाही आणि उतरायचा कंटाळा म्हणून पाणी टाळलं जातं. त्यानं थकवा वाढतो. लिटरभराचा थर्मास कोमट पाण्यानं भरून ठेवा.

दारूनं ऊब येते हा भ्रम आहे. कातडीतल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होऊन आतली उष्णता बाहेर येते, म्हणून गरम वाटतं. प्रत्यक्षात शरीर आतून गार पडत जातं, आणि ते कळणारी बुद्धीही मंद झालेली असते. चालवण्याचा तर प्रश्नच नाही. तंबाखू आणि बिडी याच्या उलट, रक्तवाहिन्या आवळतात, बोटं आणखी गार पडतात. साखरेचा आजार असेल, तर पाय शेकताना जपा. पायाला चटका कळत नाही आणि फोड सकाळी दिसतो.

उत्तरेची फेरी असेल तर

नांदेडजवळच्या अर्धापूरकडची केळी दिल्ली-पंजाबकडे नेताना तयारी दुप्पट करा. थर्मल पँटही घाला, वरच्या कपड्यांचा एक जोड जास्त घ्या, हातमोजे तीन जोड. केळी १३ अंशांच्या खाली गेली, तर साल काळवंडते म्हणून ताडपत्रीखाली पाला आणि गवत सगळेच नीट लावतात. स्वतःसाठी एवढी काळजी घेणारे मात्र थोडे.

गारठा अंगात भरला तर

कापरं भरणं ही पहिली पायरी. शरीर अजून लढतंय. मग गुंडी लागत नाही, हातातला पाना पडतो. त्यापुढे माणूस बरळतो, जीभ जड होते, झोप येते म्हणतो. कापरं थांबलं आणि माणूस गप्प झाला, तर तो बरा होत नसून बिघडतो आहे. शरीराचं तापमान ३५ अंशांखाली गेल्यावरची ही लक्षणं. हवा ८ अंश असली, तरी भिजलेल्या, थकलेल्या माणसाला हे होऊ शकतं.

त्याला केबिनमध्ये घ्या, ओले कपडे काढा, कोरडं घालून घोंगडीत गुंडाळा, डोकं झाका. अंगाखालीही जाड काही टाका. शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर गोड चहा घोट-घोट द्या. हातपाय जोरानं चोळू नका, आगीजवळ नेऊन शेकू नका. गुंगीत असेल, तर तोंडात काही घालू नका आणि १०८ ला फोन लावा.

हे सगळं सामान, तीन टी-शर्ट, दोन स्वेटर, मोजे, पंचा, बारदाना, एका प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून सीटमागे ठेवा. संक्रांत झाली, की ते घरी उतरवलं जातं, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी येतो. २०१४ ची मराठवाड्यातली गारपीट याच दोन महिन्यांतली. भर वाऱ्यात भिजत ताडपत्री बांधायची वेळ तेव्हाच येते, म्हणून पिशवी होळी होईपर्यंत गाडीतच असू द्या.